दार ओढून घ्या

औरंगाबाद,
१८ एप्रिल १९९४

चि. सौ. बाना हिस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकते. तुम्हीही सिल्लोडला खुशाल असाल असं धरून चालते, कारण संक्रांतीपासून तुझं साधं कार्डही नाही. रागावली आहेस हे माहीत आहे. रागाव. धाकट्या बहिणीनं रागवायचं नाही तर कुणी? पण आनंदाची बातमी रागापायी अडवून ठेवू नये म्हणून लिहिते. आपली केसर बाळंत झाली. मुलगी झाली. तू आता आजी झालीस, तेव्हा केसांना कलप लावायचं सोडून दे.

बाळ चांगलं अंगानं भरलेलं आहे. रंग आपला, नाक मात्र वैजापूरचं. जावईबापू येऊन बघून गेले, पेढे वाटले, आणि मार्केट यार्डात कांद्याची आवक सुरू आहे म्हणून त्याच दिवशी परत गेले. केसर सव्वा महिना इथंच राहील.

दुसरी बातमी तुला कडुबानं सांगितली असेलच. तो यांचा ट्रक घेऊन मका भरायला तुमच्या सिल्लोडला येतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. तर आमच्याकडे एसी आला. पुढच्या खोलीच्या भिंतीला भगदाड पाडून ती पेटी बसवली. ही खोली तू पाहिली आहेस. जानेवारीत विद्यापीठाच्या नावावरून गावात तणाव होता तेव्हा दगडांच्या भीतीनं यांनी तिच्या खिडक्यांवर बाहेरून प्लायवूड ठोकलं होतं. ते अजून तसंच आहे. मी म्हटलं, नाव बदललं, मोर्चे थांबले, दुकानं उघडी आहेत, आता तरी फळ्या काढा. तर एसी बसवायला आलेला मेकॅनिक म्हणाला, राहू द्या, गारवा बाहेर जाणार नाही. यांना तेवढंच पाहिजे होतं. वरचे झरोके सिमेंटनं बुजवले. दाराखालच्या फटीला आत्याबाईंची जुनी घोंगडी गुंडाळून लावली. आणि दाराला वरून एक लोखंडी हात बसवला, कंपनीच्या ऑफिसात असतो तसा. आपण आत गेलो की दार आपलं आपण मागं लागतं. मला अजून त्याची सवय नाही. दर वेळी वाटतं, मागून कुणीतरी आलं.

यांच्या एकेक सवयी बघशील तर हसून लोळशील. बटण शेवटच्या आकड्यावर. त्याखाली आणायचं नाही. मग थंडी वाजते म्हणून आत स्वेटर घालून बसतात, वरून कानाला मफलर. बाहेर ऊन असं की गच्चीवर पापड दुपारपर्यंत कडकडीत वाळतात, आणि आमचे मालक आत महाबळेश्वरला. पेटीला एक बारीक दांडी आहे, ती ओढली की बाहेरची थोडी हवा आत येते म्हणे. ती यांनी पहिल्या दिवशीच बंद करून वर चिकटपट्टी मारली. बाहेरचीच हवा घ्यायची तर पेटी कशाला आणली, असं यांचं म्हणणं. वीज गेली तरी दार उघडायचं नाही. साठवलेला गारवा पुरवून वापरायचा. आणि कुणीही उंबऱ्यावर पाय ठेवला की एकच वाक्य, दार ओढून घ्या. आता तर त्याची पाटीच रंगवून दारावर लावली आहे.

हसू येतं, पण कधी कधी वाईटही वाटतं. हे वाक्य यांचं नाही. वाळूजची आपली जमीन कंपन्यांत गेली तेव्हा हे कामासाठी एका मोठ्या साहेबाकडे खेपा घालत होते. दिवसदिवस बाहेर बाकावर बसायचे, काचेपलीकडे तो साहेब गारव्यात. शेवटी एकदा आत बोलावलं, तर मान वर न करता तो पहिलं वाक्य हेच बोलला. यांच्या खांद्यावर तेव्हा घोंगडी होती. पुढं ट्रक आले, कंपनीचा माल मिळाला, लोक तात्यासाहेब म्हणायला लागले. पण ते वाक्य काही यांच्या कानातून गेलं नाही. आत्याबाई मात्र लेकाला अजून कचरूच म्हणतात आणि खुशाल दार सताड उघडं टाकतात.

केसर दवाखान्यातून घरी आली आणि त्या दोघांची जुंपली. हे म्हणाले, माझी नात गारव्यात वाढेल. आत्याबाई म्हणाल्या, बाळंतिणीला गार वारं लावणाऱ्याचं डोस्कं ठिकाणावर नाही. बाळंतिणीला शेक पाहिजे, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी पाहिजे, धुरी पाहिजे. दोन दिवस मायलेक एकमेकांशी बोलत नव्हते, निरोप माझ्यामार्फत. शेवटी तह झाला. खोली यांची, बाज आत्याबाईंची. म्हणजे एसीही चालणार आणि बाजेखाली शेगडीही राहणार. वरून गारवा, खालून निखारे, मधे माझी लेक. दोघंही जिंकल्यामुळे घरात शांतता आहे. पाहुण्यांना हे ती खोली मोठ्या कौतुकानं दाखवतात.

केसरचं डोकं जरा दुखतं. बाळंतपणात दुखायचंच. बाळ मात्र इतकं गुणी की रडतच नाही. बाकीच्यांची तान्ही पोरं रात्र जागवतात आणि आमची छकुली खायलासुद्धा उठत नाही, उठवावं लागतं. शेजारच्या आशाबाई म्हणतात, असं शहाणं बाळ बघितलं नाही. तुझ्या हाताखालून दवाखान्यात रोज एवढी बाळं जातात म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

तुमच्या गुरुजींना नमस्कार सांग. सांगता आला तर.

तुझी,
अक्का


औरंगाबाद,
२९ एप्रिल १९९४

चि. बाना,
आशीर्वाद.

पत्र पोचलं असेल. उत्तर नाही. ठीक आहे, मी थोरली, मीच पुन्हा लिहिते.

इकडे ऊन फार तापलंय. नळाला पाणी एक दिवसाआड. खोलीत मात्र तेच, बाराही महिने पौष. मी आत फार वेळ बसत नाही. परवा केसरपाशी बसून तिला वेणीफणी केली, तेवढ्यात माझे पाय बधिर झाल्यासारखे झाले आणि कपाळात ठोके पडायला लागले. बाहेर ओसरीवर येऊन पाणी प्यायले तेव्हा बरं वाटलं. हे म्हणाले, तुला एसीची सवय नाही. आत्याबाई म्हणाल्या, तुला गारठा बाधला. दोघांकडेही उत्तर तयार असतं.

केसरला हल्ली सकाळी ओकारी येते. डोळे जड असतात, बोललेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागतं. पण आंघोळीला मागच्या अंगणात आणली, तेल लावलं, उन्हात जरा बसवली की पोरगी हसायला लागते, भूक लागली म्हणते, बाळही डोळे उघडून इकडेतिकडे बघतं. मग पुन्हा दोघींना आत नेतात. दार लागतं. दार लागलं की आतलं बाहेर ऐकू येत नाही, ती पेटी घरघरत असते ना. पेटीखाली एक लोखंडी डबा आहे, वीज कमीजास्त झाली की तो खट्ट करतो. बाहेर काम करताना माझं लक्ष त्या खट्टकडे असतं. का, ते विचारू नको.

एकदा आत्याबाई झोपल्यावर मी शेगडीतले अर्धे निखारे काढून नेले आणि बाकीच्यांवर राख पसरली. म्हातारीला निजेतही कळलं. उठून बसली आणि म्हणाली, मी अकरा बाळंतपणं केली माळावर, पावसात, मेंढरांच्या मधे, अन् तू शहरात येऊन मला शिकवती व्हय? त्यांनी माझीही बाळंतपणं केली, माझं काही वाईट झालं नाही. पण बाना, तेव्हा आपण झोपडीत होतो. कुडाला एवढ्या फटी होत्या की आतून चांदण्या दिसायच्या. मी हे आत्याबाईंना म्हटलं नाही. मनात आलं तेवढं तुला लिहिते.

वीज जाते तेव्हा मला जास्त भीती वाटते. पेटी बंद होते, शेगडी चालू असते आणि दार लागलेलं. काल मी दार उघडून त्याला पाटा लावला. हे कामावरून आले, पाटा पायानं सरकवला आणि म्हणाले, दार ओढून घ्या हे आपल्या घरातल्या माणसांना वाचता येत नाही का? पाहुण्यांसमोर म्हणाले. स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटल्या, त्या दिवशी पोळ्या चांगल्या पातळ झाल्या.

संक्रांतीचं मी मुद्दाम लिहीत नव्हते. पण किती दिवस न लिहिता राहणार? त्या दिवशी तू आणि गुरुजी तिळगूळ घेऊन आलात. विद्यापीठाचं नाव त्याच दिवशी बदललं होतं, म्हणून गुरुजींनी तिळगुळाबरोबर पेढेही आणले होते. त्यांनी एवढी वर्षं त्या नावासाठी मोर्चे काढले, शाळेत मेमो खाल्ले, त्यांना आनंद होणारच. आणि यांच्या दोन ट्रकांच्या काचा त्याच आठवड्यात फुटल्या होत्या. कुणी फोडल्या देव जाणे, कोणत्या बाजूच्या लोकांनी हेही कुणाला सांगता आलं नाही. हे म्हणाले, मास्तर, माझ्या काचा फुटल्याचे पेढे मला देता का? गुरुजींनी पेढ्यांचा पुडा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला आणि मागं न बघता गेले. तू गेटपाशी माझ्याकडे बघितलंस. तो पुडा संध्याकाळपर्यंत तिथंच होता, मग मुंग्या लागल्या. तेव्हापासून दोघे साडू एकमेकांचं नाव घेत नाहीत. हे तर बाहेरच्या आवाजालाच कंटाळलेत. एसी आला तेव्हा मला म्हणाले, आता रस्त्यावर काय चाललंय ते मला ऐकायचंच नाही.

बाना, तुला खोपीतली कोकरं आठवतात का? तू फार लहान होतीस, माझ्या कडेवर. आपला मेंढरांचा वाडा तेव्हा दौलताबादच्या मागं डोंगरात बसलेला. अवकाळी गारा आल्या. आबांनी नुकती जन्मलेली कोकरं छोट्या खोपीत घातली, खोप चहूबाजूंनी घोंगड्यांनी झाकली आणि थंडीनं मरू नयेत म्हणून आत निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं. उजाडल्यावर घोंगड्या काढल्या तर सगळी कोकरं निजल्यासारखी. एकही भाजलं नव्हतं, धूर नव्हता. आबांनी एकाचा ओठ उलटून बघितला, आतून लाल, जिवंत असल्यासारखा. आई म्हणाली, दृष्ट लागली. आबा खाली बसले आणि म्हणाले, "आगीला बी हवा लागती, पोरी. कोंडली की ती जवळच्या जिवाची घेती." त्यानंतर आबा कधी बंद खोलीत झोपले नाहीत. इथं आले तरी अंगणात बाज टाकायचे आणि आम्ही हसायचो.

मला ही कोकरं हल्लीच आठवायला लागली. जाऊ दे. दुसरं काहीतरी लिहायचं होतं, ते विसरले.

तुझी,
अक्का

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता लिहिते. बाळानं आज सकाळपासून दूध ओढलं नव्हतं. अंगणात आणल्यावर ओढलं. हे मात्र तुला नर्स म्हणून विचारते आहे. फोनला यांनी कुलूप घातलंय, किल्ली यांच्या खिशात असते, नाहीतर तुझ्या दवाखान्यात फोन केला असता. लगेच उत्तर दे. राग नंतर काढ.


औरंगाबाद,
९ मे १९९४

बाना,

आत्याबाई गेल्या. शुक्रवारी दुपारी. कडुबा तुला सांगेलच, पण तो जे सांगेल ते घरातल्यांनी ठरवलेलं असेल. खरं काय ते मी लिहिते. त्याचा ट्रक गेटपाशी उभा आहे, माल भरून तो आत्ताच सिल्लोडला निघणार आहे. पत्र पोस्टात टाकण्याएवढा वेळ आता नाही.

शुक्रवारी मी केसरला आणि बाळाला अंगणात आंघोळीला आणलं. परत आत गेल्यावर धुरी तयार असावी म्हणून आत्याबाईंनी शेगडी कोळशांनी काठोकाठ भरली आणि नवे कोळसे पेटवून बाजेखाली सरकवली. तेवढ्यात वीज गेली. पेटी बंद पडली. बाहेर आम्हाला वेळ लागला, कारण बाळ त्या दिवशी मजेत होतं आणि केसर म्हणाली, आई, थोडं आणखी बसू दे ना गं. आत्याबाई दमल्या असतील. नातीच्या बाजेवर आडव्या झाल्या. दार आपलं आपण लागलं होतं.

मी दार उघडलं तर त्या कुशीवर होत्या, हात गालाखाली. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही, मला कळलं.

डॉक्टर आले. म्हणाले, वय झालं होतं, हृदय थांबलं. कुणी काही विचारलं नाही. बाया आंघोळ घालायला जमल्या, तेव्हा आशाबाई म्हणाल्या, बघा तरी चेहऱ्यावर कशी लाली आहे, पुण्यवान बाई. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. आणि बाना, आत्याबाईंची हनुवटी बांधताना मी त्यांचा ओठ बघितला. आतून लाल. आबांनी उलटून बघितला होता तसा. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. बायांना वाटलं, सून रडते आहे. रडतही होतेच. म्हातारीनं मला आयुष्यभर बोल लावले, पण माझ्या पोरांना माझ्याआधी तिनं हातात धरलं होतं.

शनिवारी सकाळी माती झाली, सगळे परत आले आणि पोस्टमननं तुझं कार्ड दिलं. त्याच दिवशी. तू लिहिलं होतंस, शेगडी आधी बाहेर काढा, बंद खोलीत कोळसा ठेवू नका, त्याचा विषारी वायू होतो, वास येत नाही. खाली रेघ मारली होतीस. चार ओळींचं कार्ड. त्यात कशी आहेस वगैरे काही नाही, म्हणजे घाईनं लिहिलंस हे मला कळलं. तुझा राग गेला हेही कळलं. पण ते एक दिवस आधी यायला पाहिजे होतं.

त्या दिवसापासून मी दोघींना आत जाऊ दिलं नाही. सुतक, पाहुणे, गडबड, म्हणून कुणी फार बोललं नाही. ओसरीवर पडदा लावून दोघींना ठेवलंय. केसरची ओकारी थांबली. डोकं दुखत नाही म्हणते. आणि छकुली रडते, बाना. भुकेनं किंचाळते, घामोळ्यानं चिडते, सगळं घर डोक्यावर घेते. पाहुण्या बाया वैतागल्या आहेत. मला ते रडणं इतकं गोड लागतं की मी मुद्दाम लगेच उचलत नाही.

पण कालपासून सगळे माझ्या मागं लागलेत. एवढ्या उन्हात बाळंतिणीला बाहेर ठेवता, घरात एवढी गार खोली असताना? आणि हे. आधी हे शेगडीची टिंगल करायचे. आईला चिडवायचे, तुझी शेगडी अन् माझा एसी, बघू कोण जिंकतंय. आता आई गेली आणि हे तिची शेगडी रोज स्वतःच्या हातानं भरतात. तिच्या रिकाम्या बाजेखाली ठेवतात. म्हणतात, सव्वा महिन्याचा शेक ही आईची शेवटची इच्छा होती, ती मी पुरी करणार. एसीही तिनं मानला होता, तोही चालू राहणार. म्हणजे आता दोन्ही बाजूंनी हेच बोलतात. आधी निदान भांडायला दोघं होते.

काल पाहुणे जेवायला बसल्यावर मी यांना मागच्या दारी बोलावलं. तुझं कार्ड दिलं. आबांच्या कोकरांची गोष्ट सांगितली. ओठाचं सांगितलं. सगळं शांतपणे सांगितलं, एकही शब्द वर चढवला नाही. यांनी कार्ड वाचलं, उलटसुलट केलं. म्हणाले, हे त्या मास्तरानं लिहायला लावलं. मी म्हटलं, बानाचं अक्षर आहे, ती नर्स आहे, तिला ठाऊक असणार. तेव्हा हे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या वर्षांत असं बघितलेलं मला आठवत नाही.

"म्हंजी माझ्या आईला मी मारलं. असंच ना?"

हो म्हणवत नव्हतं, आणि नाही म्हटलं असतं तर बाळ आत गेलं असतं. मी गप्प राहिले, तेच त्यांना उत्तर वाटलं असेल.

मग यांनी कार्ड घडी करून खिशात ठेवलं आणि ओसरीवर येऊन सगळ्या भावकीसमोर बोलले. मी शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण तुला ते कळले पाहिजेत.

"उद्या जेवण झालं की मी आईच्या बाजंवर झोपणार. खाली तिचीच शेगडी, भरून. एसी चालू, दार बंद. कुणी दार उघडायचं न्हाई. संध्याकाळी उठलो की केसर अन् बाळ आत. अन् हिनं पुन्यांदा हा शब्द काढायचा न्हाई."

कुणाला वाटलं, दुःखानं बोलतोय. कुणी म्हणालं, आईवर जीव होता. एकानंही अडवलं नाही. त्यांना ते दुःख वाटतं, मला माहीत आहे काय आहे ते. ज्या पेटीसाठी हा माणूस बाकावर बसून झिजला, त्याच पेटीच्या खोलीत त्याची आई गेली, हे त्याला एक क्षणही खरं मानता येत नाही. ते खोटं ठरवायला तो स्वतःचा जीव लावायला निघालाय. मला राग येतो आणि त्यापेक्षा जास्त कीव येते.

हे मी आज सकाळी लिहिते आहे. उद्या म्हणाले होते ती आजची दुपार. चूल पेटली आहे. एसीच्या खोलीत यांनी शेगडी पुसून ठेवली आहे, कोळशाचं पोतं दारापाशी आणलंय. मघाशी जाऊन पेटी पुसली, आपल्या हातानं, नेहमीसारखी. मी बघत होते. आपण काही वेगळं करतो आहोत असं यांच्या तोंडावर काहीच नव्हतं.

मी नवस बोलायला बिरोबापुढं बसले होते, बाना. हात जोडले आणि काय मागायचं तेच कळेना. हे म्हातारीपेक्षा धडधाकट आहेत, कदाचित संध्याकाळी डोकं धरून उठतीलही. उठले, की माझी लेक आणि तिचं लेकरू सगळ्यांच्या देखत पुन्हा त्या खोलीत जाईल, आणि मग मला तोंड नाही. आणि उठले नाहीत, तर ती दोघं वाचली. मी कपाळावरचं कुंकू सांभाळायला मागू का नात सांभाळायला मागू? देवासमोरून तशीच उठले. असं मागणं कुणाच्याही तोंडी येऊ नये.

म्हणून मागायचं सोडलं. मी काय करणार ते ठरवलंय. हे आत गेले की मी उंबऱ्यावर बसणार, उघड्या दाराला पाठ लावून. पाटा काढता येतो, बायकोला सगळ्यांसमोर फरफटत काढणार नाहीत, एवढी यांना भावकीची लाज आहे. तो लोखंडी हात जोरात ओढतो, मी काल बसून बघितलं, पाठीला रग लागते. पण तेवढी फट राहते. तेवढ्या फटीतून बाहेरची हवा आत जाईल. हे ओरडतील, गारवा चालला. जाऊ दे.

पण माझ्या पाठीनं एकच दिवस भागेल. उद्या, परवा कोण बसणार? तू ये. नर्सचा पोशाख घालून ये, यांना पोशाखाचा मान आहे. डॉक्टर मिळाला तर डॉक्टरला घेऊन ये. आणि गुरुजींना आण. भिंतीवर ठेवलेल्या पुड्याचं यांच्या मनात आहे, ते मला ठाऊक आहे, झोपेत एकदा बोलले. गुरुजी स्वतः दारात आले आणि म्हणाले की कचरूभाऊ, यात तुमचा दोष नाही, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, तर हे ऐकतील. माझ्या तोंडून यांना फक्त 'तुमचा दोष' एवढंच ऐकू येतं, पुढचं 'नाही' ऐकू येत नाही. कंपाउंडचं गेट उघडं ठेवते. चपला काढत बसू नका, सरळ आत या.

कडुबा हॉर्न वाजवतोय. तो ट्रक खाली न करता आधी तुझ्या दवाखान्यात येईल, मी त्याला शपथ घातली आहे. जेवणाची पानं मी आज हळूहळू वाढीन. भाजी दुसऱ्यांदा गरम करीन, कोशिंबिरीला दही नाही म्हणून आणायला पाठवीन. तेवढा वेळ तुला देते. जास्त देता येणार नाही.

दाराला पाठ लावून तुमची वाट बघणारी,
तुझी अक्का